पाऊण इंच

"ट्रेलर जोडायच्या आधी पुढच्या चाकावरच्या मडगार्डपासून जमिनीपर्यंत टेप धर. जोडल्यावर परत धर. पाव इंचाच्या वर फरक पडला, तर पोरीला त्या गाडीत बसवू नकोस," असं इर्मानं मला सांगितलं होतं. मी हसले होते.

गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. इर्माचा राहायचा ट्रेलर आम्ही विकत घेत होतो. एकवीस उन्हाळे तिनं त्यात काढले होते, टेक्सासपासून मोंटानापर्यंत पिकणाऱ्या गव्हाच्या मागं मागं, कापणीवाल्यांचा स्वयंपाक करत. ओपल तेव्हा सहा महिन्यांची, माझ्या कडेवर. इर्मा तिच्या टाचेला हात लावून हे बोलली. मी शेतकी अर्थशास्त्र शिकलेली. म्हाताऱ्या बायकांचं असतं असलं काहीतरी, असं मनात आलं; माझी आजी वीज चमकली की घरातले आरसे झाकायची. "हो, धरीन की," म्हटलं आणि चाव्या घेतल्या.

जूनच्या पहिल्या सोमवारी आमच्या पिकअपचा गिअरबॉक्स गेला.

तो दिवस वाईट होता. आम्हीही इर्मासारखे दुसऱ्यांचा गहू कापत फिरतो, आणि ओक्लाहोमात वॉटोंगाला हॅस्किन नावाच्या शेतकऱ्याचा गहू तयार झाला होता. त्यानं सकाळी फोन करून सांगितलं, दाण्यांतली ओल साडेतेरा टक्क्यांवर, कापणीजोगी आली आहे, शुक्रवारी हार्वेस्टर शेतात हवा. नाहीतर फाटकावर दुसरी टोळी उभी आहे आणि आठवड्याच्या शेवटी गारा सांगितल्या आहेत. यंदा कामाला माणसं मिळालीच नव्हती. माझे सासरे व्हर्लिन, माझा नवरा केंट आणि मी, तिघंच. केंटनं हार्वेस्टर लादलेला मोठा ट्रेलर न्यायचा, व्हर्लिननं धान्याचा ट्रक, आणि मी ओपलला मागच्या सीटवर बांधून पिकअपनं राहायचा ट्रेलर ओढायचा, असं ठरलेलं. आता पिकअप शेडमागं मरून पडलेली, आणि ट्रेलर ओढेल असं वाहन एकच उरलं: व्हर्लिनची पांढरी फ्लॅटबेड. सपाट लोखंडी पाठीची, केबिनच्या मागं शंभर गॅलन डिझेलची लाल टाकी वेल्डिंगनं बसवलेली. टाकी व्हर्लिननं स्वतः बसवली होती, केंट जन्मला त्या वर्षी.

ट्रेलरच्या नाकाखाली मुठीएवढी लोखंडी खुंटी असते आणि गाडीच्या पाठीवर तिला धरणारा जबडा. त्या जबड्याला हिच म्हणतात. तो मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे मागच्या चाकांच्या आसाच्या, बरोबर वर हवा. दोन इंच पुढं चालतो. मागं चालत नाही. पिकअपवर तो दुकानातूनच बसवून आलेला होता, म्हणून ही गोष्ट मला कधी शिकावी लागली नव्हती. सोमवारी दुपारी ओपल झोपली तेव्हा मी बसून सगळं वाचून काढलं.

मंगळवार पूर्ण हिच काढण्यात गेला. बोल्ट गंजून एकजीव झालेले. केंट वरून पाना फिरवायचा, मी पिकअपखाली उताणी पडून खालचा नट धरायची. गंजाचा भुगा डोळ्यांत, ओठांवर. वारा सकाळपासून दक्षिणेचा, शेडच्या पत्र्याला एक सैल कोपरा होता तो दिवसभर आपटत होता. ओपलला एल्मच्या झाडाच्या सावलीत जाळीच्या पाळण्यात ठेवलेलं. ती दर दहा मिनिटांनी लाकडी ठोकळा बाहेर टाकायची आणि रडायची, मी गाडीखालून सरपटत बाहेर यायची, ठोकळा द्यायची, परत आत. चौथ्या बोल्टला पाना निसटला आणि केंटची तीन बोटं सोलली. त्यानं ती पँटला पुसली आणि पाना परत लावला. केंट लागलं की बोलत नाही, हे लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. बापासमोरही तो बोलत नाही. ते कळायला वेळ लागला.

व्हर्लिन टाकीला टेकून कॉफी पीत बघत होते. अडुसष्ट वर्षांचे, उजवा खुबा दुखरा, टोपी काढली की कपाळाचा वरचा भाग दुधासारखा पांढरा. "तुम्ही दोघं मिळून एक चांगला माणूस होता," ते म्हणाले. केंट हसला. मीसुद्धा हसले असते, पण तोंडात गंज होता.

हिच फ्लॅटबेडवर चढवायच्या आधी मी ओळंबा घेतला. पाठीच्या कडेवरून दोरी सोडली, लोलक चाकाच्या मध्यावर येईपर्यंत सरकवली आणि वर खडूनं रेघ मारली. दोन्ही बाजूंनी. मग दोरी ताणून आरपार. व्हर्लिन आतापर्यंत शेपटीकडून मोजत होते, "शेवटापासून चार फूट, नेहमी तेच". पण तो हिशेब त्यांच्या जुन्या गाडीचा होता, आणि ही पाठ दीड फूट लांब. मी तेवढंच सांगितलं. ते रेघेकडे बघत राहिले.

"कॉलेजात मोजायला शिकवलं," ते म्हणाले, "ओढायला कुणी शिकवलं?"

बुधवारी माझ्या रेघेवर हिच ठेवला. ट्रॅक्टरच्या पुढच्या हातानं उचलून साखळीनं हळूहळू खाली सोडला, भोकं पाडायच्या आधी नुसता क्लॅम्प लावून आवळला. व्हर्लिनच म्हणाले, आधी वळवून बघू. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे मला आजही मान्य करावं लागतं. ट्रेलर जोडला. केंटनं अंगणात गाडी हळू डावीकडे घेतली. मी बाजूला उभी राहून हात हलवत होते, ये, ये, ये. मग पत्रा चुरगाळल्याचा आवाज झाला. ट्रेलरच्या नाकाचा कोपरा लाल टाकीवर चढला होता. हातभर पांढरा पत्रा आत गेला, त्याच्यामागं ओपलच्या झोपायच्या जागेची छोटी खिडकी होती, तिची काच तडकली.

माझी रेघ बरोबर होती. पण टाकी मध्ये होती, आणि टाकीकडे मी बघितलंच नव्हतं. सगळं लक्ष ॲक्सलकडे.

व्हर्लिन काच बघून आले. ओरडले नाहीत. नुसता बुटाचा तळवा माझ्या रेघेवर घासला, एकदा, दोनदा, आणि अकरा इंच मागं खिशातल्या खिळ्यानं पाठीवर ओरखडा काढला. तिथं खाली चासीचा आडवा बार होता, भोकं घट्ट धरतील, आणि नाक टाकीला चुकवून वळेल. मी म्हटलं, व्हर्लिन, हे ॲक्सलच्या मागं जातंय. पुढची चाकं हलकी पडतील. टाकी काढूया. डिझेल उपसू, वेल्डिंग कापू, टाकी इथंच शेडमध्ये ठेवू. ते म्हणाले, शंभर गॅलन उपसून ठेवणार कशात, तुझ्या बाळाच्या टबात? आणि त्यात दोन दिवस जातील. हॅस्किन दोन दिवस थांबेल का, हे तू त्याला फोन करून विचार.

मी केंटकडे बघितलं. तो ड्रिलमध्ये पातं बसवत होता, आणि ते बसवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट वेळ लावत होता.

"अकरा इंचच आहे," शेवटी तो म्हणाला.

मग दिवसभर भोकं. लोखंडी पाठ अर्ध्या बोटाची, खाली बार त्याहून जाड. पहिलं पातं दुसऱ्या भोकात तुटलं, दुसरं त्याच भोकात. गावात जाऊन नवीन आणायला पाऊण तास. केंटच्या हातावर तापलेल्या लोखंडाचा कीस पडून बारीक लाल ठिपके उठले. तापमान शंभर फॅरनहाइटच्या वर. कुठंतरी कुणी गवत कापत होतं, त्याचा धुरळा घामाला चिकटायचा. मी पुन्हा खाली, पाना घेऊन, आता चुकीच्या जागेसाठी. तेच मला सर्वांत जास्त लागलं: जे नको होतं, ते माझ्याच हातांनी घट्ट आवळणं. नट शेवटपर्यंत फिरवताना मी दोनदा थांबले. वरून केंट म्हणाला, "लॉर्ना, धरलंस ना?" मी म्हटलं, धरलंय.

गुरुवारी सकाळी मला इर्मा आठवली. खरं म्हणजे सोमवारपासून आठवत होती. पण आठवली असं कबूल करायचं म्हणजे त्या दिवशीचं हसू परत गिळायचं. मी टेप घेतला. फ्लॅटबेड रिकामी उभी असताना पुढच्या डाव्या मडगार्डखाली धरला: सव्वाअडतीस इंच. हे मी शेडच्या खांबावर पेन्सिलनं लिहिलं. ट्रेलर जोडला, त्याचे टेकूचे पाय वर उचलले, सगळं वजन गाडीवर बसलं. परत धरला: एकोणचाळीस. तीनदा धरला.

"पाऊण इंच," मी म्हटलं.

व्हर्लिननं अंगठा आणि पहिलं बोट तेवढ्या अंतरावर धरून दाखवलं, मधून माझ्याकडे बघितलं. "एवढ्यानं?"

त्यांनी मला शेजारी बसवून मैलभर खडीच्या रस्त्यानं नेलं. ओपलला केंटपाशी ठेवली. वारा आता नैऋत्येचा, आडवा. ताशी चाळीस मैलांपर्यंत ठीक होतं. पन्नासला मागून ट्रेलर एकदा डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग सावकाश थांबला. व्हर्लिनचे हात स्टिअरिंगवर तसेच, जणू काही झालंच नाही. परतताना मी चालवायला मागितलं. स्टिअरिंग हातात घेतलं. चाकांखाली रस्ता नव्हताच जणू, पातळ चिखल होता. मी वळवायची, गाडी क्षणभर विचार करायची, मग वळायची. समोरून धान्याचा एक ट्रक गेला, त्याच्या वाऱ्यानं सगळी गाडी अंग झटकल्यासारखी हलली. घरी येऊन उतरले तर माझी बोटं उघडेनात.

केंटनं विचारलं, कशी आहे?

मी तोंड उघडायच्या आधी व्हर्लिन म्हणाले, "हिचा हात हलका आहे. सवय होईल."

दुपारी मी ओपलला निजवत होते तेव्हा अंगणात लोखंड लोखंडावर आपटल्याचा आवाज आला. चार वेळा, मध्ये मध्ये थांबून. बाहेर आले तर व्हर्लिन ट्रॅक्टरच्या पुढच्या टोकाची वजनं काढून फ्लॅटबेडच्या पुढच्या बंपरवर अडकवत होते. सुटकेससारखी असतात, वर मूठ, एकेक शंभर पौंडांचं. नांगरताना ट्रॅक्टरचं तोंड वर उठू नये म्हणून लावतात. इथं प्रत्येक शेडमध्ये ढिगानं पडलेली. चौथं अडकवून ते खुब्यावर हात ठेवून उभे राहिले, चेहरा राखेसारखा. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"आता मोज," ते म्हणाले.

मी मोजलं. सव्वाअडतीस. केसाचाही फरक नाही.

केंटच्या खांद्यांतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. तो हसला, बापाच्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, बघ लॉर्ना, झालं की. माझाच टेप, माझाच आकडा, माझ्याच हस्ताक्षरात खांबावर लिहिलेला. मला कळत होतं की हे बरोबर नाही, पण का नाही ते शब्दांत येईना. चार वर्षं कॉलेजात काढून मी शेडच्या दारात टेप गुंडाळत राहिले. व्हर्लिन टेपची गुंडाळी माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या खिशात टाकून गेले.

संध्याकाळी कोबी-खिम्याचे पाव भट्टीत टाकून मी इर्माला फोन लावला. ती आता गावातल्या म्हाताऱ्यांच्या निवासात असते, कधी ओळखते, कधी नाही. त्या दिवशी ओळखलं. आधी ओपलचं वजन विचारलं, मग तिच्या दातांचं. मी सगळं सांगितलं: टाकी, अकरा इंच, पाऊण इंच, आणि शेवटी आकडा जुळल्याचं.

ती म्हणाली, "पुढं वजनं लटकवलीत का?"

मी हो म्हटलं.

"माझ्या नवऱ्यानं, रेनोनंही लटकवली होती. सहा." तिनं खोलीतल्या टीव्हीचा आवाज बारीक केला. "वजन लटकवलं की टेप गप्प बसतो, पोरी. मागं जे लोंबतंय ते तसंच लोंबत राहतं. मेडिसिन लॉजच्या खाली, लाल टेकड्यांच्या उतारावर, मागून ट्रेलरचं शेपूट डोलत आलं ते थांबलंच नाही. मी मागच्या ट्रकमध्ये होते. बघत होते." आणि लगेच, त्याच सुरात, तिनं विचारलं की आज जेवायला काय केलंयस.

पाव थोडे करपले. टेबलावर तिघं बसल्यावर, ओपल उंच खुर्चीत कोबी चिवडत असताना, मी सांगितलं. सगळं नाही. रेनोचं नाव घेतलं आणि जागा सांगितली. व्हर्लिन रेनोला ओळखत होते. त्यांचा काटा ताटावर थांबला. मग म्हटलं, टाकी हलेपर्यंत मी ती गाडी चालवणार नाही, आणि ओपल तिच्यात बसणार नाही.

केंट सोललेल्या बोटांकडे बघत होता.

"डॅड," तो म्हणाला, "उद्या सकाळी टाकी रिकामी करतो. शेजाऱ्यांची पिंपं आणतो."

आमच्या लग्नाच्या सहा वर्षांत बापाला त्यानं पहिल्यांदाच काही करतो म्हणून सांगितलं; आतापर्यंत तो करू का, असं विचारायचा. व्हर्लिननं तोंड पुसलं. म्हणाले, "उद्या आपण वॉटोंगात असायला हवं. बत्तीस वर्षं मी कुणाच्या गव्हाला उशीर केला नाही." आवाज चढवला नाही. उठले, आपलं ताट स्वतः धुतलं, जे ते कधी करत नाहीत, आणि ओपलच्या डोक्यावरून हात फिरवून, ओला हात, आपल्या खोलीत गेले. मला वाटलं, ते हरले. खरं सांगते, मला बरं वाटलं.

शुक्रवारी साडेसहाला उठले तर अंगण मोकळं होतं.

हार्वेस्टर होता, त्यांनी न्यायचा धान्याचा ट्रक होता. फ्लॅटबेड नव्हती, ट्रेलर नव्हता. केंट अनवाणीच बाहेर पळाला, चाकांच्या खुणांपाशी उभा राहिला. मी ओसरीवर आले आणि तिथं ओपलचं सामान दिसलं. तिची खाट, घडी घालून, दोरीनं बांधलेली. दुलई. ठोकळ्यांची बादली, एकही ठोकळा कमी नाही. गाडीत बसायची तिची खुर्ची, पट्टे आत दुमडून. ट्रेलरमधल्या बर्फपेटीतलं तिचं औषधसुद्धा आणून सावलीत ठेवलेलं. आणि सगळ्यावर, उडू नये म्हणून, माझा टेप.

खोलीभर सामान ज्यानं पहाटे एकट्यानं, दुखऱ्या खुब्यानं, पायरीवरून चढ-उतर करत काढलं, आवाज होऊ न देता, त्या माणसाला माझं म्हणणं पटलं नव्हतं असं मी आता म्हणू शकत नाही. त्यांना सगळं माहीत होतं. नातीपुरतं त्यांनी ऐकलं, स्वतःपुरतं नाही.

मी त्यांना फोन लावला. तो स्वयंपाकघरातल्या खणात वाजला. नेहमी तिथंच असतो.

केंट घरची मोटार घेऊन त्यांच्या मागं दक्षिणेकडे गेला. ग्रेट बेंडपर्यंत त्याला ते दिसले नाहीत. पेट्रोलपंपांवर विचारलं, कॉफीच्या ठिकाणी विचारलं. कुणी लक्ष दिलं नव्हतं. वारा आज कालच्यापेक्षा जास्त आहे. महामार्ग पोलिसांना मी फोन केला, त्यांनी गाडीचं वर्णन नीट लिहून घेतलं, आणि अपघात झालाय का असं विचारलं. नाही म्हटलं. मग त्यांनी मला शांत राहायला सांगितलं. हॅस्किनलाही फोन केला. तो म्हणाला, अजून नाही, आले की कळवतो, गहू तेराच्या खाली गेलाय. आता साडेनऊ वाजलेत. ओपल ओसरीवर तिच्या बांधलेल्या खाटेची दोरी सोडवायला बघतेय.

म्हणून हे लिहून मिळेल तिथं पाठवतेय. तुम्ही आज दोनशे एक्याऐंशी नंबरच्या रस्त्यानं दक्षिणेकडे जात असाल, प्रॅट, मेडिसिन लॉज, खाली ॲल्व्हापर्यंत, तर पांढरी फ्लॅटबेड बघा. केबिनमागं लाल टाकी, पुढच्या बंपरवर ट्रॅक्टरची चार वजनं, मागं तपकिरी पट्ट्याचा जुना ट्रेलर, त्याच्या नाकाचा कोपरा दबलेला आणि छोट्या खिडकीला तडा. त्यांना थांबा म्हणू नका, ते थांबणार नाहीत. लाल टेकड्यांच्या आधी कुठं कॉफीला उतरलेले दिसले, तर शेजारी बसा. गव्हाचं विचारा, गव्हाबद्दल ते तासभर बोलतात. तेवढ्यात कुणीतरी मला फोन करा, कोणत्याही वेळी. आणि कॉफी संपून ते उठलेच, तर नुसतं विचारा की व्हर्लिन, स्टिअरिंग हातात हलकं लागतंय का. आणि ते काय म्हणतात ते ऐकू नका, त्यांचे हात बघा, बोटं उघडतात का.